जर्मन कॅमेऱ्यांवरील युद्धकालीन खुणा : वाचन आणि पारख

१

रत्नागिरी शहरात व आसपासच्या खेड्यांत जुन्या घरांवरून उतरविलेली मंगळुरी कौले परसात रचून ठेवलेली पुष्कळदा आढळतात. त्यांपैकी काहींवर बासेल मिशनचा ठसा व त्यासोबत १८६५ हा आकडा असतो. तो आकडा पाहून घरही त्याच साली शाकारले गेले असावे असे अनुमान सहज केले जाते. हे अनुमान चूक आहे. १८६५ हे मंगळूर येथील कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष होय. कौल भाजल्याचे नव्हे. कारखान्याने तो आकडा आपल्या नावाचा भाग म्हणून पुढे कित्येक वर्षे वापरला. पहिल्या महायुद्धात जर्मन व स्विस मंडळींच्या या मिशनचे उद्योग ब्रिटिश सरकारने ताब्यात घेतले, व पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. त्यामुळे कौलाचा काळ ठरविण्यास त्यावरील आकड्यापेक्षा त्यावरील नावच अधिक उपयोगी पडते. आकडा खरा आहे, परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे मागितले जाते, त्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

वस्तूवरील लेख हा पुरावा खरा. पण तो कशाचा पुरावा आहे हे ठरविल्याशिवाय त्याला किंमत नाही. हे तत्त्व ताम्रपट, नाणी व मोर्तब केलेले कागद यांच्या अभ्यासकांस नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या म्हणून बाजारात येणाऱ्या जर्मन कॅमेऱ्यांना ते कसे लागू पडते हे पाहणे मात्र उद्बोधक आहे. या वस्तू ऐंशी-पंचाऐंशी वर्षांच्याच आहेत. त्यांच्या निर्मात्यांची दप्तरे पुष्कळ अंशी शिल्लक आहेत. आणि तरीही त्यांच्या बाबतीत बनावट लेखांचे पीक इतके आले आहे की, खऱ्या वस्तूलाच आपला खरेपणा सिद्ध करावा लागतो.

अशा वस्तू आपल्याकडे येण्याचे मार्गही निरनिराळे होते. युद्धापूर्वी जर्मन कॅमेरे मुंबईच्या बाजारात रीतसर विकले जात. १९३४ साली स्थापन झालेल्या बाँबे टॉकीजचा छायालेखक योझेफ विर्शिंग हा म्युनिकचा. चित्रपटाच्या कामाबरोबरच तो लायका कॅमेऱ्याने स्थिरचित्रेही काढीत असे. १९३९ साली युद्ध पुकारले जाताच तो व दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन हे शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध झाले. विर्शिंग पुढे भारतातच राहिला व १९४९ च्या ‘महल’चे छायालेखन त्याने केले. दुसरा मार्ग सैनिकांचा. रत्नागिरी जिल्हा हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीचा जुना मुलूख. त्या पलटणीच्या तुकड्या १९४१ साली केरेन येथे, नंतर उत्तर आफ्रिकेत व १९४३ ते १९४५ या काळात इटलीत लढल्या; यांपैकी शेवटच्या दोन ठिकाणी त्या जर्मन सैन्याच्या समोर उभ्या होत्या. तिसरा मार्ग युद्धोत्तर जुन्या बाजाराचा. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट हे त्याचे प्रसिद्ध ठाणे. या तीन मार्गांनी आलेल्या वस्तू आज एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात. त्या निवडून वेगळ्या करणे हेच पारख करणाऱ्याचे काम होय.

२

प्रथम खुणा का निर्माण झाल्या हे पाहिले पाहिजे. वेट्झलार येथील एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात ओस्कार बार्नाक याने चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फितीवर चालणारा लहान कॅमेरा सिद्ध केला. तो १९२५ साली लाइप्झिगच्या जत्रेत विक्रीस आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांच्या आद्यावयवांतून त्याचे ‘लायका’ हे नाव बनले. ड्रेसडेनच्या झाइस इकॉन कंपनीने १९३२ साली ‘कोंटॅक्स’ काढून त्याला स्पर्धा निर्माण केली. ऑटो बेर्निंग यांच्या ‘रोबोट’ कॅमेऱ्यात चावी दिलेल्या कमानीच्या जोरावर फीत आपोआप पुढे सरकत असे. विमानातून एकामागून एक चित्रे घेण्यास तो सोयीचा होता.

हे तीनही कॅमेरे मुळात नागरी उपयोगाचे होते. युद्ध सुरू झाल्यावर जर्मन सैन्याच्या प्रचार-तुकड्यांना, वायुदलाला व आरमाराला त्यांची गरज भासली. सरकारी मालाची चोरी व सरमिसळ होऊ नये म्हणून तो चिन्हांकित करणे ही जगातील सर्व सैन्यांची रीत आहे. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचे चिन्ह असे, ते याच कारणाने. तेव्हा जर्मन कॅमेऱ्यावरील लष्करी खूण ही मुळात गौरवचिन्ह नसून भांडारपालाची नोंद होय. संग्राहकाच्या मनात तिला जे तेज प्राप्त होते ते नंतरचे आहे. हा भेद विसरल्यानेच बहुतेक फसवणुकी शक्य होतात. कारण बनावट खूण कोरणारा नेहमी गौरवचिन्ह कोरतो, भांडारपालाची नोंद कोरीत नाही.

युद्धकालाची साक्ष केवळ अक्षरांत नसते, वस्तूच्या अंगातही असते. १९४० पासून निघालेल्या लायका तीन-सी या नमुन्याचे युद्धकालीन क्रमांक साधारणतः तीन लक्ष साठ हजारांपासून तीन लक्ष सत्त्याण्णव हजारांपर्यंत जातात. त्यांतील कित्येक कॅमेऱ्यांवर क्रोमचा मुलामा नसून करड्या रंगाचा लेप आहे, कारण धातूंचा तुटवडा होता. काहींच्या पडद्याचे कापड लाल आहे. ही साक्ष कोणी वाचावी म्हणून लिहिलेली नाही; म्हणूनच तिचे मोल अधिक. टंचाईने केलेला फेरफार हा हेतुपुरस्सर कोरलेल्या गरुडाहून अधिक विश्वसनीय असतो.

३

आता प्रत्यक्ष लेखांकडे वळू. वायुदलाच्या लायका कॅमेऱ्यांवर आढळणारा प्रमुख लेख म्हणजे ‘लुफ्तवाफेन-आयगेनटूम’. ‘लुफ्त’ म्हणजे हवा, ‘वाफे’ म्हणजे शस्त्र किंवा शस्त्रदल, ‘आयगेनटूम’ म्हणजे मालमत्ता. एकूण अर्थ वायुदलाची मालमत्ता. यात ‘वाफे’ या पदाला समासात ‘न’कार जोडला गेला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठीत ‘घोडा’ व ‘स्वार’ यांचा समास होताना ‘घोडेस्वार’ होतो, ‘घोडास्वार’ होत नाही, त्यातलाच हा प्रकार होय. समासात पूर्वपद कोणते रूप घेते हे त्या भाषेत वाढलेल्या माणसास शिकवावे लागत नाही. परभाषिक नक्कलकाराचा हात अशाच ठिकाणी अडखळतो.

या लेखासोबत ‘एफ-एल’ या अक्षरांनी आरंभ होणारा ३८०७९ हा क्रमांक येतो. तो वायुदलाच्या सामग्री-यादीतील आहे. तो एका कॅमेऱ्याचा क्रमांक नसून साहित्याच्या वर्गाचा आहे. त्यामुळे अनेक कॅमेऱ्यांवर तोच क्रमांक असणे स्वाभाविक आहे. कौलावरील १८६५ सारखीच ही गोष्ट होय. कॅमेऱ्याची स्वतःची ओळख वरच्या पत्र्यावरील निर्मितिक्रमांकात असते. या दोहोंची गल्लत करून काही खरेदीदार खऱ्या वस्तूला खोटी ठरवितात आणि काही विक्रेते खोट्या वस्तूला खरी.

भूदलाच्या वस्तूंवर ‘हेर’ हा शब्द किंवा ‘डब्ल्यू एच’ ही आद्याक्षरे असतात. आरमाराच्या वस्तूंवर ‘एम’ हे अक्षर असते. दुर्बिणी व नेमदर्शक यांच्या बाबतीत आणखी एक पद्धत होती. कारखान्याचे नाव शत्रूस कळू नये म्हणून त्याऐवजी तीन लहान अक्षरांचा संकेत घालीत. ‘बी-एल-सी’ म्हणजे येना येथील कार्ल झाइस, ‘बी-ई-एच’ म्हणजे वेट्झलारचे लाइट्झ, ‘डी-डी-एक्स’ म्हणजे ब्राउनश्वाइगचे फॉइग्टलेंडर. लहान कॅमेऱ्यांवर मात्र निर्मात्याचे नाव पूर्वीप्रमाणेच राहिले. म्हणून दुर्बिणीवरील संकेत व कॅमेऱ्यावरील नाव यांना एकच नियम लावता येत नाही.

संक्षेपाच्या अर्थनिर्णयाचे एक उदाहरण विशेष लक्षणीय आहे. युद्धकाळातील काही लायका कॅमेऱ्यांच्या क्रमांकानंतर ‘के’ हे अक्षर असते, व पडद्याच्या कापडावरही तेच अक्षर छापलेले असते. त्याची दोन स्पष्टीकरणे रूढ आहेत. एकाप्रमाणे ते ‘कुगेललागर’, म्हणजे गोळ्यांची धारवा, या शब्दाचे आद्याक्षर. दुसऱ्याप्रमाणे ते ‘केल्टेफेस्ट’, म्हणजे थंडीस टिकणारा, या शब्दाचे. रशियाच्या हिवाळ्यात वंगण गोठून पडदे अडकत, या आठवणीमुळे दुसरे स्पष्टीकरण मनाला भावते. परंतु अशा कॅमेऱ्यांच्या पडद्याच्या रुळाला गोळ्यांच्या धारवा बसविलेल्या असतात, ही प्रत्यक्ष यंत्राची साक्ष पहिल्या स्पष्टीकरणास अनुकूल आहे. व्युत्पत्तिशास्त्रात जसे केवळ ध्वनिसाम्यावर विसंबता येत नाही, तसे येथे केवळ कथेच्या रम्यतेवर विसंबता येत नाही. अक्षर कशाला चिकटले आहे हे आधी पाहावे, मग ते कशाचे आहे हे ठरवावे.

४

बनावटीचा इतिहास मूळ वस्तूच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे. सोव्हिएत युक्रेनमधील खार्किव्हजवळ १९२७ साली अनाथ व भटक्या मुलांसाठी एक श्रमवसाहत उघडण्यात आली. तिचे संचालन प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको यांच्याकडे होते, व तिला सोव्हिएत गुप्त पोलिस दलाचे संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की यांचे नाव देण्यात आले होते. या वसाहतीत १९३४ पासून लायकाची हुबेहूब प्रतिकृती तयार होऊ लागली. झेर्झिन्स्कींच्या नावाच्या तीन आद्याक्षरांवरून तिला ‘फेद’ हे नाव मिळाले. १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे त्याच घडणीचा ‘झोर्की’ निघू लागला, व तो लाखोंच्या संख्येने तयार झाला.

सोव्हिएत सत्तेच्या अखेरच्या व त्यानंतरच्या वर्षांत या स्वस्त कॅमेऱ्यांवरील मूळ नाव घासून तेथे ‘लायका’ हे नाव, गरुड आणि वायुदलाचा किंवा आरमाराचा लेख कोरण्याचा धंदा पूर्व युरोपात वाढला. काहींना सोनेरी मुलामा दिला गेला, काहींना सापाचे कातडे लावले गेले. असे नग जगभरच्या जुन्या बाजारांत पोहोचले आहेत.

या नगांची पारख करण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. भिंग फिरवून काढले असता आत अंतरमापकाशी जोडलेला एक लहान दांडा दिसतो. लायकामध्ये त्याच्या टोकास वाटोळी चकती असते. फेद व झोर्कीमध्ये तेथे पाचरीसारखे निमुळते टोक असते. वरची अक्षरे घासता येतात, पण आतला दांडा सहसा कोणी बदलीत नाही. भिंगाचीही तशीच साक्ष आहे. लाइट्झच्या ‘एल्मार’ भिंगात प्रकाशनियंत्रक पडदा पहिल्या काचेच्या लगेच मागे असतो. सोव्हिएत भिंगात तो दुसऱ्या काचेच्या मागे असतो. तळाच्या झाकणाची कळही पाहावी. जर्मनीतील विक्रीसाठी असलेल्या लायकावर तेथे ‘आउफ’ व ‘त्सू’, म्हणजे उघडे व बंद, असे शब्द असतात; निर्यातीच्या मालावर इंग्रजी शब्द असतात.

भाषेची साक्ष याहूनही मासलेवाईक आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे स्मारक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही नगांवर ‘ओलिंपियाडा’ असा शब्द कोरलेला आढळतो. जर्मन भाषेत हा शब्द ‘ओलिंपियाडे’ असा आहे. अन्त्य ‘आ’कार हे स्लाव्ह भाषांचे वळण होय. कोरणाऱ्याने लिपी जर्मन घेतली, पण जिभेवरचा प्रत्यय आपलाच राहिला. मराठी दप्तरांतही शिक्का बिनचूक आणि भाषा मात्र शंभर वर्षांनी अलीकडची असे कागद अभ्यासकांनी उघडे पाडले आहेत. शिक्क्याची नक्कल करता येते. परभाषेच्या सवयीची नक्कल करणे फार कठीण.

यात एक हानी अशी आहे की, तिचा उच्चार क्वचितच होतो. ज्या फेदवर खोटा गरुड कोरला गेला तो स्वतः इतिहासाचे एक साधन होता. रस्त्यावर वाढलेल्या मुलांनी सूक्ष्म यंत्रे घडविण्याचा जो प्रयोग केला त्याची ती निशाणी. युक्रेनवर जर्मन सैन्याने आक्रमण केले, खार्किव्ह व्यापले. आणि पुढे त्याच गावच्या मुलांच्या हातच्या वस्तूवर आक्रमकाचे चिन्ह कोरून ती अधिक किमतीस विकली गेली. बनावटीने येथे केवळ ग्राहकाची फसवणूक झालेली नाही. एक खरा दस्तऐवज पुसून त्याच्या जागी खोटा लिहिला गेला आहे.

५

यावरून पारखेची काही सूत्रे निष्पन्न होतात. पहिले सूत्र, लेख आणि अंग यांचा मेळ. लेखात सांगितलेला काळ, निर्मितिक्रमांक, नमुन्याची घडण व मुलामा हे सर्व एकमेकांस पूरक असले पाहिजेत. तीन-सी नमुन्याचे युद्धकालीन क्रमांक एकूण सदतीस हजारांच्या आसपासच भरतात, आणि त्यांपैकी एक भागच सैन्याकडे गेला. हे ध्यानात घेतले म्हणजे बाजारातील गरुडांकित कॅमेऱ्यांची वर्दळ स्वतःच संशयास्पद ठरते. दुसरे सूत्र, कोरणीची तपासणी. मुलामा चढल्यानंतर कोरलेल्या अक्षरांच्या खाचेत पितळ उघडे पडते. सर्व पृष्ठभाग हाताळणीने झिजलेला आणि अक्षरांच्या कडा मात्र तीक्ष्ण, असे दिसल्यास लेख वस्तूहून अर्वाचीन समजावा. झिजलेल्या शिळेवर नव्याने खोदलेला लेख ज्या न्यायाने ओळखतात तोच हा न्याय.

तिसरे सूत्र, दप्तराची साक्ष. लाइट्झ कारखान्याच्या रवानगी-वह्या शिल्लक असून त्यांत क्रमांकवार कॅमेरा कोणत्या दिवशी कोठे पाठविला याची नोंद मिळते. ही नोंद अनुकूल असेल तर लेखाला बळ येते. प्रतिकूल असेल तर सुंदरातील सुंदर गरुडही निरुपयोगी ठरतो. चौथे सूत्र, ताब्याची परंपरा. ‘आजोबांनी इटलीहून आणला’ ही घराण्यातील कथा टाकाऊ नव्हे. पण ती एकटी पुरेशीही नव्हे. आजोबांचे सैन्यातून मुक्ततेचे प्रमाणपत्र, पदकावरील नाव, पलटणीचा क्रमांक, त्या कॅमेऱ्याने काढलेली व घरच्या आल्बमात असलेली छायाचित्रे, यांपैकी काहीही वस्तूसोबत राहिले असेल तर ते कॅमेऱ्याहून मोलाचे समजावे. व्यापारी कॅमेरा घेतो आणि कागद तेथेच टाकतो. रद्दीत गेलेला तो कागद परत मिळत नाही. कोकणातील शिपायांच्या युद्धस्मृती फार थोड्या लिहिल्या गेल्या आहेत, हे लक्षात घेता ही हानी लहान नव्हे.

६

नीतीचा प्रश्नही टाळता येणार नाही. गरुडाच्या पंजातील चिन्हाला आपण सहज स्वस्तिक म्हणतो. जर्मन भाषेत त्याचे नाव ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्याचा क्रूस, असे आहे. उंबऱ्यावर काढलेले मंगलचिन्ह आणि हे पक्षचिन्ह यांत आकाराचे साम्य आहे, अर्थाचे नाही. जर्मनीत त्याच्या जाहीर प्रदर्शनास दंडविधानाने बंदी असून संशोधन, कला व शिक्षण यांसाठी अपवाद ठेवलेला आहे. भारतीय संग्राहकास तो कायदा लागू नसला तरी त्यामागील कारण माहीत असणे अगत्याचे आहे.

कारखान्याचा इतिहासही एकरंगी नाही. एर्न्स्ट लाइट्झ द्वितीय यांनी १९३३ नंतर अनेक ज्यू कर्मचाऱ्यांना व त्यांच्या आप्तांना परदेशी धाडून वाचविले. त्यांची कन्या एल्सी क्यून-लाइट्झ हिला १९४३ साली गेस्टापोने अटक केली. एका ज्यू स्त्रीस सीमापार जाण्यास साहाय्य केल्याचा तिच्यावर आरोप होता. पण त्याच कारखान्यात युद्धकाळी युक्रेनमधून आणलेल्या शेकडो स्त्रियांकडून सक्तीने काम करून घेतले जात होते. करड्या लेपाच्या युद्धकालीन कॅमेऱ्याचे मूल्यमापन करताना ही दोन्ही सत्ये एकत्र धरावी लागतात. ज्या हातांनी तो जोडला त्यांची खूण त्यावर कोठेही नाही. तेवढी उणीव इतिहासकारानेच भरून काढावयाची असते.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार सामान्य वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय पुरावस्तू ठरत नाही. युद्धकालीन कॅमेरे २०४० च्या आसपास त्या मर्यादेस पोहोचू लागतील. तोपर्यंत त्यांचे रक्षण सर्वस्वी धारकाच्या विवेकावर अवलंबून आहे.

७

रत्नागिरीच्या हवेत हा विवेक अधिकच लागतो. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व चार महिने हवा ओली राहते. अशा हवेत भिंगाच्या काचेवर बुरशीचे जाळे पसरते व ते काच कायमची कोरते. कॅमेऱ्याची चामड्याची पिशवी संरक्षक वाटते, पण ती ओल धरून ठेवते. म्हणून कॅमेरा तीत बंद करून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह तो ठेवावा, व उघडीप असताना बाहेर काढून त्याचा पडदा काही वेळा चालवावा. कातड्याखाली पितळेला हिरवा जंग चढून उंचवटे आले असतील तर ते वस्तूच्या वयाचेच लक्षण आहे. नव्या खरेदीदारास आवडावे म्हणून ते खरवडू नयेत. सर्वांत घातक पदार्थ म्हणजे पितळ चकाकविण्याची पूड. तिने धूळ जाते, आणि तिच्याबरोबर अक्षरांतील मूळ रंग व कडांची झीजही जाते. म्हणजे खरेखोटे ठरविण्याचे साधनच नष्ट होते.

घरात असा कॅमेरा निघाल्यास प्रथम तो जसा आहे तसा सर्व बाजूंनी चित्रित करावा; क्रमांक व सर्व लेख अक्षरशः, विरामचिन्हांसह, उतरून घ्यावेत; घरातील वडीलधाऱ्यांस त्याची हकीकत विचारून ती त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावी. किंमत विचारण्याची वेळ त्यानंतरची. हा क्रम उलटला की हकीकत किमतीकडे पाहून बदलू लागते, आणि एकदा बदललेली हकीकत मूळ पदावर येत नाही. कौलावरचा आकडा निदान पावसाने झिजतो; सांगितलेल्या गोष्टीतील आकडा मात्र दर पिढीत अधिक ठळक होत जातो.